सकाळी सराव, रात्री अभ्यास: प्रोफेशनल फुटबॉलपटू पदवी कशी मिळवतात?

एप्रिल २०१७. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत ज्युव्हेंटसनं बार्सिलोनाला ३-० असं हरवलं. तिसरा गोल होता बचावपटू जॉर्जो किएलिनीचा. त्याच महिन्यात किएलिनीनं ट्युरिन विद्यापीठातून बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनमधली पदव्युत्तर पदवीही मिळवली. अर्थशास्त्राची पदवी त्याच्याकडे २०१० पासूनच होती. प्रबंधाचा विषयही घरचाच निवडला होता, ज्युव्हेंटस क्लबचं बिझनेस मॉडेल.

अशी बातमी आली की कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. कोट्यवधी कमावणाऱ्याला डिग्री हवी कशाला?

सगळे फुटबॉलपटू श्रीमंत असतात का?

अजिबात नाही. 'फिफप्रो' ही फुटबॉलपटूंची जागतिक संघटना. तिनं २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातल्या ४५ टक्क्यांहून जास्त खेळाडूंची कमाई महिन्याला १ हजार डॉलरपेक्षा कमी होती. ४१ टक्के खेळाडूंना पगार उशिरा मिळाल्याचा अनुभव होता.

त्यात करिअर लहान. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचे बूट खुंटीला टांगले जातात. गुडघ्याची एखादी गंभीर दुखापत झाली तर त्याच्या कितीतरी आधी. अकादमीत वाढलेल्या अनेक मुलांना तर पहिला प्रोफेशनल करारही मिळत नाही. तोवर शाळा-कॉलेजची महत्त्वाची वर्षं मैदानावर गेलेली असतात.

मग अडतं कुठे?

वेळापत्रकावर. सराव बहुतेक वेळा सकाळी असतो, म्हणजे दुपार मोकळी असं वाटतं. पण मॅच कधी शनिवारी, कधी आठवड्याच्या मधेच. बाहेरगावची मॅच असली की एक-दोन दिवस प्रवासात जातात. युरोपात सीझनचा शेवट आणि विद्यापीठांच्या परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. आणि जानेवारीत ट्रान्सफर झाली, तर सेमिस्टरच्या मधेच शहर किंवा देश बदलतो. हजेरीची सक्ती असलेला कोर्स अशा वेळी हातातून सुटतो.

ज्यांनी जमवलं, त्यांनी काय केलं?

१. अभ्यास लांबवला. मँचेस्टर सिटीचा कर्णधार व्हिन्सेंट कोंपनीनं मँचेस्टर बिझनेस स्कूलमध्ये पार्ट-टाइम एमबीए केलं. २०१२ मध्ये सुरू केलेला कोर्स २०१७ मध्ये संपला. प्रीमियर लीगमधल्या क्लबांना घरच्या मैदानाचा फायदा कसा करून घेता येईल, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता.

२. क्लब बदलले, कोर्स सोडला नाही. नादिया नदीम लहानपणी अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून डेन्मार्कला आली. पुढे ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाकडून खेळली. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका अशा देशांतल्या क्लबांकडून खेळत असताना तिनं डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण चालू ठेवलं. २०२२ च्या सुरुवातीला ती डॉक्टर झाली.

३. आधी पदवी, मग मोठा क्लब. ब्राझीलचा सॉक्रेटिस रिबेराओ प्रेटो इथल्या बोटाफोगो क्लबकडून खेळत तिथेच डॉक्टरी शिकत होता. पदवी हातात पडल्यावर १९७८ मध्ये तो कोरिंथियन्समध्ये गेला. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलचं नेतृत्व याच डॉक्टरनं केलं.

भारतात असं कुणी होतं का?

होतं, आणि तेही सॉक्रेटिसच्या कितीतरी आधी. नागा समाजातून आलेले तालिमेरेन आओ १९४२ मध्ये कोलकात्याच्या कारमायकल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर कॉलेजात दाखल झाले. मुलानं डॉक्टर व्हावं, ही त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा होती. शिकता शिकता ते मोहन बागानकडून खेळू लागले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भारताचं नेतृत्व केलं. फ्रान्सविरुद्धची ती मॅच भारत १-२ अशी हरला, पण अनवाणी खेळणाऱ्या या संघाची जगभर चर्चा झाली. १९५० मध्ये आओ एमबीबीएस झाले. पुढे नागालँडच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले.

आज कोणत्या सोयी आहेत?

खेळ आणि शिक्षण एकत्र चालवण्याला युरोपात 'ड्युअल करिअर' म्हणतात. त्यासाठी युरोपियन युनियननं २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचनाही तयार केल्या. इंग्लंडमध्ये खेळाडूंची संघटना 'पीएफए' आपल्या सदस्यांना कोर्सच्या फीसाठी मदत करते.

भारतात यूजीसीनं २०२१ मध्ये 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'ची योजना आणली. पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट्स खात्यात जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्यामुळे मधे खंड पडला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मुक्त विद्यापीठांचा पर्यायही आहे. महाराष्ट्रात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकण्याची संधी देतं.

अर्थात, प्रॅक्टिकल असलेल्या कोर्सेसना ही सवलत फारशी उपयोगी पडत नाही. प्रयोगशाळा आणि हॉस्पिटलची ड्युटी घरून करता येत नाही.

मग खरी अडचण कुणाची?

किएलिनी किंवा कोंपनीनं शिक्षण घेतलं नसतं, तरी त्यांचं पोट भरलंच असतं. पदवीची सगळ्यात जास्त गरज आहे ती खालच्या लीगमध्ये, तुटपुंज्या पगारावर, एकेका वर्षाच्या करारावर खेळणाऱ्या खेळाडूला. नेमकं त्याच्याकडेच फीसाठी पैसे नसतात. परीक्षेसाठी सुट्टी मागितली तर संघातली जागा जाईल, अशी धास्तीही त्यालाच असते.

म्हणून अकादमीत मुलाचं नाव घालताना पालकांनी एक प्रश्न नक्की विचारावा. परीक्षेच्या दिवशी मॅच आली, तर तुम्ही काय करता? अकादमीला त्या मुलाच्या शिक्षणाची किती काळजी आहे, ते या उत्तरावरून कळेल.