क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणून किडनी ठीक?

‘क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, म्हणजे किडनीला काही झालेलं नाही.’ हा समज सगळ्यांत घट्ट आणि सगळ्यांत घातकही. क्रिएटिनिन स्नायूंतून रक्तात येतं आणि किडनी ते गाळून टाकते. त्यावरून किडनीच्या कामाचा अंदाज येतो, इजेचा थेट पत्ता लागत नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर किडनी दुखावली, तर क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला एक ते तीन दिवस जातात. कृश वृद्धांमध्ये स्नायूच कमी असल्याने आकडा आणखी फसवा ठरतो. याउलट, किडनीतल्या दुखावलेल्या नलिकांमधून एनगॅल हे प्रथिन काही तासांतच लघवीत उतरतं. टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ या दोन प्रथिनांवरच्या लघवीच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये मान्यता दिली, ती इजेचा धोका लवकर ओळखता यावा म्हणूनच.

‘सोनोग्राफी तर चांगली आहे.’ सोनोग्राफीत किडनीचा आकार, सूज, खडा, मूत्रमार्गातला अडथळा दिसतो. पेशींची इजा सहसा दिसत नाही. एमआरआयच्या नव्या पद्धतींनी डाय न टोचता किडनीतल्या ऑक्सिजनचा आणि तंतुमयतेचा अंदाज घेता येतो, पण त्या अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. सीटी स्कॅनच्या डायची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त पसरली. शिरेतून दिलेल्या डायचा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला, असं अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये एकत्रितपणे मांडलं. विशेष जपायचं ते ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ३०च्या खाली असलेल्यांना आणि ज्यांची किडनी नुकतीच दुखावली आहे त्यांना.

बायोप्सी म्हटलं की घरात कॅन्सरचीच कुजबुज सुरू होते. किडनीची बायोप्सी बहुतेकदा कॅन्सरसाठी नसतेच. दाह कुठे आहे, गाळण्या किती वाचल्या आहेत, हे त्यातून कळतं. अमेरिकेतल्या ‘किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्ट’मध्ये रुग्णांनी केवळ संशोधनासाठी सुई टोचून घेतली, रक्तस्रावाची जोखीम पत्करून. हे औदार्य मला फार मोठं वाटतं. त्या इवल्याशा तुकड्यांतल्या एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत, हे शास्त्रज्ञांनी वाचलं आणि २०२३ मध्ये निरोगी व दुखावलेल्या पेशींचा नकाशा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. इजेनंतर काही नलिकापेशी सावरतात. काही मात्र दुरुस्तीच्या अर्ध्या वाटेवर अडकतात, दाह चालू ठेवतात आणि आजूबाजूला तंतुमय ऊती साचत जाते.

म्हणूनच ‘क्रिएटिनिन उतरलं, आता सुटलो’ हेही खरं नव्हे. किडनी दुखावलेल्या रुग्णाने डिस्चार्जनंतर साधारण तीन महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पुन्हा तपासून घ्यायलाच हवं, कितीही बरं वाटत असलं तरी.