केंद्रकाच्या दारातला एक्सपोर्टिन

फार्मसीच्या वर्गात पेशीची आकृती काढताना मी केंद्रकाच्या पडद्यावरची छिद्रं मुद्दाम ठळक करते. एक्सपोर्टिन-१ नावाचं प्रथिन तिथूनच दोनशेहून अधिक प्रकारची प्रथिनं बाहेर नेतं. त्यांत पी५३ सारखे कर्करोगाला आवर घालणारे रखवालदारही असतात. त्यांचं काम केंद्रकातच, डीएनएपाशी. अनेक कर्कपेशींत एक्सपोर्टिन वाजवीपेक्षा जास्त असतं आणि रखवालदारच घराबाहेर पडतात.

हे दार अडवणारं लेप्टोमायसिन बी जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत सापडलं, तेही बुरशीनाशक म्हणून. पण ते एक्सपोर्टिनला कायमचं चिकटतं. माणसांवरच्या चाचणीत रुग्णांची अन्नावरची वासनाच उडाली, आणि ते मागे पडलं. पुढे आलेलं सेलिनेक्सॉर त्याच जागी बसतं, मात्र कालांतराने सुटतं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती इतर औषधांना दाद न देणाऱ्या मल्टिपल मायलोमासाठी. मळमळ, भूक मंदावणं, प्लेटलेट्स घटणं हे त्रास याच्यातही आहेत. म्हणून उलटी थांबवणारं औषध आधीपासूनच द्या, असं मी मुलांना बजावते.

विषाणूंच्या बाबतीत मला याहून मोठी आशा वाटते. एचआयव्हीचं रेव्ह प्रथिन विषाणूचा आरएनए याच वाटेनं बाहेर काढतं. इन्फ्लुएन्झाही तेच करतो. विषाणू स्वतःची प्रथिनं बदलून औषधाला चकवतो, आपल्या पेशीतलं एक्सपोर्टिन मात्र त्याला बदलता येत नाही. अडचण एवढीच, की निरोगी पेशींनाही ते लागतंच. त्यामुळे किती काळ आणि कितपत अडवायचं, यावरच सगळं अवलंबून आहे.