विमल सही का करत नाही?

तालुक्याच्या गावातलं दुय्यम निबंधक कार्यालय. बावन्न वर्षांची विमल भावाबरोबर हक्कसोडपत्र करून द्यायला आली आहे. वडील जाऊन आठ महिने झालेत. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली तिचं नाव लागलं, आणि आता ते काढायचं आहे. भावाशी तिचं भांडण नाही. दर दिवाळीला ती माहेरी जाते, भाऊबीज होते, निघताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा असतात. तिनं आधार कार्ड आणलंय, नवे फोटो काढून आणलेत. बाहेरच्या बाकावर वकिलानं दस्त वाचून दाखवला. आत नंबर लागला. साहेबांनी विचारलं, "दस्त कबूल आहे का?" आणि विमल म्हणाली, "आज नको."

हा प्रसंग मी सध्या लिहीत असलेल्या कादंबरीतला. सुचला तेव्हा सगळाच्या सगळा सुचला: बाक, पंख्याची घरघर, भावाच्या हातातली प्लॅस्टिकची फाइल. ती नको का म्हणाली, एवढं मात्र सुचलं नाही. आणि ते कळेपर्यंत पुढचं पान लिहिता येईना, कारण नंतर एसटी स्टँडवर ही दोघं शेजारी उभी राहिली की काय बोलतील, ते त्या नकारावर अवलंबून होतं. पात्राची प्रेरणा शोधायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ते या एका नकाराला धरून सांगते.

पहिलं उत्तर लगेच येतं आणि बहुतेक वेळा ते टाकून द्यावं लागतं. जमिनीला भाव आलाय, तिला पैसे हवेत. किंवा तिला हक्काची जाणीव झाली; हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, महाराष्ट्रानं तर तशी तरतूद १९९४मध्येच केली होती. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. पण त्या खुर्चीवर बसलेल्या कुठल्याही बाईला ती लागू पडतात, त्यात विमल कुठेच नाही. पैसे हवे असलेली बाई दुसरा वकील गाठेल. माझी विमल त्याच संध्याकाळी भावाच्या घरी गेली आणि वहिनीबरोबर भाकऱ्या थापायला बसली. हे मी आधीच लिहून ठेवलं होतं आणि कितीदाही वाचलं तरी ते खोटं वाटत नव्हतं.

म्हणून कारण बाजूला ठेवलं आणि तिनं काय काय केलं, ते एका कागदावर लिहून काढलं. नवे फोटो काढले, म्हणजे घरून निघाली ती सही करायच्या तयारीनं. दस्त वाचून होईपर्यंत गप्प बसली. 'देत नाही' म्हणाली नाही, 'आज नको' म्हणाली. संध्याकाळी चुलीपाशी बसली. जी प्रेरणा या साऱ्या कृतींना पुरेल तीच खरी. नकाराला पुरली आणि भाकऱ्यांना पुरली नाही, तर शोध संपलेला नाही. कृतींची अशी यादी करायला अर्धा तास लागतो. नुसतं 'का, का' करत खिडकीबाहेर बघण्यात मी याआधी आठवडे घालवले आहेत.

आपल्या बोलण्यात या कामाला उपयोगी पडणारे फार नेमके शब्द आहेत. हेतू आरोपपत्रात लिहिता येतो. 'सांगायचं कारण' वेगळं. ते चारचौघांत पुढे करायचं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. ओढ माणसाला कशाकडे तरी नेते. सल कधीतरी बोचून गेलेल्या गोष्टीचा असतो आणि तो माणसाला एका जागी धरून ठेवतो. कादंबरीकाराला हे चारही लागतात, आणि ते एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असंही नाही. उलट जिथे ते जुळत नाहीत, तिथे प्रसंग सुचायला लागतात.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत भरघोस उदाहरण दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'चं. १८६५च्या उन्हाळ्यात तो जर्मनीतल्या वीसबाडेनला जुगारात पैसे हरून, हॉटेलचं बिल थकवून बसला होता. सप्टेंबरात त्यानं 'रूस्की वेस्तनिक' मासिकाच्या कातकोव या संपादकाला पत्र लिहून कथानक कळवलं: विद्यापीठ सुटलेला एक गरीब तरुण सावकारीण म्हातारीला मारतो, आणि माणसांपासून तुटल्याची भावना त्याला शेवटी कबुलीपर्यंत आणते. पुढे नोव्हेंबरात बरंचसं लिहून झालेलं त्यानं जाळून टाकलं आणि नव्यानं सुरुवात केली. आधीच्या मसुद्यांत खुनी स्वतः 'मी' म्हणून बोलत होता. त्या काळातल्या टिपणवह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत दोस्तोयेव्हस्की स्वतःलाच बजावतो, की खुनाचा उलगडा या ना त्या बाजूनं एकदाचा करून टाकायला हवा, संदिग्धता ठेवता कामा नये.

१८६६मध्ये कादंबरी क्रमशः छापून आली तेव्हा तिच्यात कारणं एक सोडून तीन-चार होती. आईची ओढाताण आणि पैशासाठी नको त्या माणसाशी लग्नाला तयार झालेली बहीण दुन्या. एका निरुपयोगी म्हातारीच्या पैशानं शेकडो जीव सावरतील, हा हिशेब. आणि असामान्य माणसाला नियम लागू नसतात, हा नेपोलियनचा दाखला. सोन्या या तरुणीपुढे कबुली देताना तो खुनी तरुण, रास्कोल्निकोव्ह, ही कारणं एकेक पुढे करतो आणि एकेक मागे घेतो. लेखकाचंच ठरलं नव्हतं, असं इथे कुणाला वाटू शकेल. मला तसं वाटत नाही, कारण त्याच्या कृती स्वच्छ बोलतात. चोरलेला ऐवज तो एका अंगणातल्या मोठ्या दगडाखाली पुरतो, आणि पैशाच्या पाकिटात किती आहे हे उघडूनसुद्धा पाहत नाही. आईनं पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे सोन्याचा बाप मार्मेलादोव याच्या अंत्यविधीसाठी त्याच्या बायकोच्या हातात ठेवून येतो. पैशासाठी खून केलेला माणूस हे करणार नाही. मग उरतं ते एकच: आपल्याला ती रेघ ओलांडता येते का, हे त्याला पाहायचं होतं. रशियन भाषेत गुन्ह्याला 'प्रेस्तुप्लेनिये' म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात ओलांडण्याचाच अर्थ आहे.

म्हणजे त्यानं सांगितलेली कारणं लेखकानं खोडली नाहीत. ती तशीच ठेवली, आणि शेजारी त्यांना न जुमानणारी एक कृती ठेवली. हे तंत्र मी विमलसाठी पहिली कसोटी म्हणून उचललं. तिच्याखालून पैसा काढून घेतला. समजा ती जमीन मुरमाड आहे, पाणी नाही, कुणी विकत घेणार नाही. तरी ती 'आज नको' म्हणेल? लिहून पाहिलं. म्हणाली. मग पैशाचं कारण कायमचं गेलं.

दुसरी कसोटी याच्या उलटी, आणि ती आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचं सत्य सांगतो. तू कुंतीचा पहिला मुलगा, राज्य तुझं, पांडव तुझ्यामागे उभे राहतील. जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसापुढे त्याला हवं ते सगळं ताटात वाढून ठेवलेलं असतं. आणि कर्ण ताट सरकवतो. राधा आणि अधिरथ यांनी वाढवलं, दुर्योधनानं मित्र म्हटलं, त्यांना सोडून तो येत नाही. कुळ आणि राज्य एवढंच त्याला हवं असतं, तर युद्ध तिथेच टळलं असतं. कर्णावरची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७मध्ये आली आणि अजून वाचली जाते, त्याच्या मुळाशी हा नकार आहे असं मी मानते. पात्राला काय हवं, ते कळलं असं वाटलं की ते त्याला देऊन पाहावं. त्यानं घेतलं आणि गोष्ट संपली, तर आपण नीट ओळखलं होतं. त्यानं घेतलं नाही, तर अजून खोल जायला हवं.

विमलला दिलं. भाऊ म्हणतो, "आक्का, दोन एकर तुला वेगळं काढून देतो, तुझा उतारा स्वतंत्र करू." न्याय्य, उदार बोलणं. मला वाटलं होतं ती रडेल, सही करेल. पण लिहिताना ती 'वेगळं' या शब्दापाशी अडली. तिचा चेहरा पडला. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की तिला जमीन नकोच आहे. एकाच उताऱ्यावर, भावाच्या नावाखाली, आपलं नाव असावं एवढंच तिला हवंय. वाटणी झाली की तेही गेलं. तीस वर्षं त्या घरात ती पाहुणी म्हणून येत होती. वडील गेल्यावर एका सरकारी कागदानं तिला पुन्हा घरातली ठरवलं. ही तिची ओढ.

पण मग ती फोटो काढून, तयारीनं का आली? इथे तिसरी कसोटी लागते, एक प्रश्न: आजच का? तो न विचारल्यानं पुष्कळ चांगल्या कादंबऱ्या मधेच सैल पडतात. ओढ वर्षानुवर्षं असू शकते. ती कृतीत उतरते त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं. रास्कोल्निकोव्ह महिनाभराहून अधिक काळ त्या खुनाचा विचार घोळवत असतो. मग आईचं पत्र येतं. त्यानंतर बाजारातून जाताना सहज कानावर पडतं, की उद्या संध्याकाळी सात वाजता म्हातारीची बहीण घरी नसेल. विचारानं ठरवलेलं पुष्कळ राहून गेलं असतं. त्या ऐकलेल्या एका वाक्यानं तारीख आणि वेळ ठरली.

विमलच्या बाबतीत मी वकिलानं वाचलेला दस्त पुन्हा ऐकला. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय. आणि शेवटाकडे नेहमीचं वाक्य: सदर मिळकतीशी यापुढे माझा कोणताही संबंध राहिला नाही. वकिलानं ते हजार वेळा वाचलं असेल. विमलनं पहिल्यांदा ऐकलं. कायद्याच्या भाषेत संबंध म्हणजे हक्क. तिच्या भाषेत संबंध म्हणजे संबंध. तोवर ती सही करणार होती. त्यानंतर तिला करता येईना.

एक मोह मी या टप्प्यावर टाळला, आणि तो टाळावा असं माझं ठाम मत आहे. पहिल्या खर्ड्यात मी विमलला सातवीनंतर शाळेतून काढलं होतं, भावाचं शिक्षण व्हावं म्हणून. असं घडतं, घरोघरी घडलंय. पण ते कादंबरीत आलं की वाचक मान डोलावतो, 'अच्छा, म्हणून' म्हणतो आणि विमलकडे पाहणं थांबवतो. बालपणीची एक जखम सगळ्याचं उत्तर झाली की माणसाचं गणित होतं. सल असू द्यावा, पण त्यानं सगळं फेडून टाकू नये. 'घाशीराम कोतवाल'मध्ये तेंडुलकर घाशीरामचा अपमान आपल्या डोळ्यांदेखत घडवतात, चोरीचा खोटा आळ, तुरुंग, सूडाची शपथ. एवढ्यानं तो फक्त दुखावलेला माणूस ठरतो. सूडासाठी तो स्वतःच्या मुलीला नाना फडणवीसापुढे करतो, तेव्हा तो कोण आहे ते कळतं. हवं त्यासाठी माणूस काय मोजायला तयार आहे, यात त्याची ओळख असते.

श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्र'ची (१९६२) नायिका याचा उत्तम दाखला आहे. तिला नाव नाही, ती फक्त 'ती' आहे, आणि तिला काय हवं ते एका ओळीत सांगता येतं: मुलांचं शिक्षण. कादंबरी उरते ती त्यापायी तिनं काय काय मोजलं, त्यात.

विमलला काय मोजावं लागेल, हे लिहायला बसले तेव्हा कादंबरीचा पुढचा भाग आपोआप उलगडला. नाव सातबाऱ्यावर राहिलं तर माहेर तुटू शकतं. वहिनी भाकऱ्या थापू देईल, पण पुढच्या दिवाळीला फोन येईलच असं नाही. म्हणजे जे राखायसाठी तिनं सही थांबवली, तेच सही न केल्यानं हातातून निसटतंय. हे तिला त्या संध्याकाळी चुलीपाशी कळतं. म्हणून ती तिथे बसली आहे.

प्रत्येक पात्राला असं काही ठळक हवं असतंच का, हा प्रश्न रास्त आहे. 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर बराच काळ कशाच्या मागे नसतो. कॉलेज, खोली, परीक्षा, सगळं त्याच्यावरून वाहत जातं. पण मनी ही त्याची धाकटी बहीण वारते तेव्हाची पानं वाचली, की त्याला काही हवं नसण्याचं वजन कळतं. काही नको असणं हीदेखील लेखकाला कमवावी लागणारी गोष्ट आहे. पात्र ठरलं नाही म्हणून ते रिकामं राहिलं, तर वाचकाला फरक लगेच कळतो.

आणि हे सगळं सापडल्यावर ते पानावर लिहायचं नाही. माझ्या टिपणवहीत संबंध, वेगळं, उतारा हे शब्द तांबड्या शाईनं अधोरेखित आहेत. विमलच्या तोंडी त्यातला एकही येत नाही. तिनं बोललं तर ती सांगायचं कारणच बोलेल. एसटी स्टँडवर भाऊ विचारतो, "आक्का, काय झालं?" ती म्हणते, "चष्मा घरी राहिला रे. न वाचता कशी सही करायची?"

चष्मा तिच्या पर्समध्ये होता. तिकिटाचे पैसे काढताना भावाला तो दिसला, आणि तो काही बोलला नाही.