पोटांतील एका जंतूचें बारसें

आपल्या निमगांव साव्यांत मूल जन्मलें कीं बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें. शास्त्रांतहि बारसें होतें. परंतु तेथें नांव ठेवण्यापूर्वीं मूल खरोखर नवें आहे, हें सिद्ध करावें लागतें. पुण्याच्या संशोधकांनीं केलेल्या अशाच एका बारशाची ही हकीकत आहे.

आपल्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वास करितात. त्यांतील बहुतेकांस प्राणवायु सोसत नाहीं. म्हणून त्यांस प्राणवायुरहित, हवाबंद नळ्यांतील अन्नरसांत वाढवावें लागतें. आघारकर संशोधन संस्थेंतील लांजेकर, रानडे व त्यांचे सहकारी यांनीं, २६ व ५६ वर्षे वयाच्या दोन निरोगी मनुष्यांच्या मलांतून असे दोन वाण वेगळे केले. दोन्हीं वाटोळे, निश्चल व ३७ अंश उष्णतामानांत उत्तम वाढणारे होते.

मग हे कोण? जंतूचें कूळ शोधण्यासाठीं ‘१६ एस’ नांवाचा जनुक ताडून पाहतात. तो ताडतां, गाईमेंढ्यांच्या पोटांत सांपडणाऱ्या मेगॅस्फीरा एल्सडेनी या जंतूशीं दोघांचें साम्य ९९ टक्क्यांहून अधिक निघालें. उतावळा मनुष्य म्हणेल, “हा तोच!” परंतु हा जनुक फार सावकाश बदलतो, त्यामुळें भिन्न जातींतहि तो जवळजवळ सारखा असूं शकतो. म्हणून संपूर्ण डी.एन.ए.ची परीक्षा झाली. उष्णतेनें त्याचे दोन पदर सोडवून, ते दुसऱ्या जंतूच्या पदरांशीं कितपत जुळतात हें पाहिलें. एका जातीस सुमारें ७० टक्के जुळणी हवी, असा दंडक होता. एल्सडेनीशीं ती एकाची ४२ व दुसऱ्याची ५३ टक्केच भरली. परस्परांशीं मात्र ८०.९! अर्थात् दोघे एकाच जातीचे, आणि ती जाति नवी. २०१४ सालीं ‘मेगॅस्फीरा इंडिका’ हें तिचें नांव प्रसिद्ध झालें. पहिला शब्द वंशाचा, ‘मोठा गोल’ या अर्थाचा; दुसरा जातीचा, म्हणजे ‘भारतीय’.

नांवाबरोबर एक बंधनहि येतें. नव्या जातीचा जिवंत नमुना निदान दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे शंका घेणाऱ्यास तो मागवून पडताळा पाहतां येतो. आतां पदर जुळविण्याऐवजीं सर्व जनुकसंचच वाचून ताडतात. पण न्याय तोच आहे.

एवढी दगदग कशासाठीं? कोणता जंतु हितकर व कोणता अपायकारक, हें ठरविण्यापूर्वीं तो कोण, हें निश्चित हवें. एकाचे गुण दुसऱ्याच्या माथीं मारले, तर त्यावर रचलेली सर्व चिकित्सा चुकेल. नव्याण्णव टक्के साम्य दिसल्यावरहि उरलेल्या एका टक्क्याची चौकशी करणें, हेंच शास्त्राचें प्रामाणिकपण होय.