डबल शॉकर नव्हे, शॉर्ट ट्रॅव्हल!

शाळेत असताना प्रत्येकाच्या सोसायटीत एक तरी ‘डबल शॉकर’ होतीच. पुढे शॉक, मागे जाडजूड लाल स्प्रिंग, मोटारसायकलसारखा लूक. तिचा मालक म्हणजे सोसायटीचा हीरो. चढावर मात हीरोची हालत खराब व्हायची, कारण पायातला अर्धा जोर ती स्प्रिंगच खाऊन टाकायची!

आता तुम्ही मोठे झालात. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेचा एसएमएस येतो, जिम लावून सोडून झालं आणि रविवारी सकाळी सहा ते दहा हे चार तास फक्त तुमचे आहेत. रोड बाइक चालवणारे मित्र हायवेवर जातात. तुम्हाला मात्र ट्रकच्या धुरापेक्षा टेकडीवरची पायवाट खुणावते. आणि मग एका रात्री यूट्यूबवर कुणीतरी डोंगरावरून उड्या मारत खाली येताना दिसतं आणि डोक्यात किडा शिरतो... फुल सस्पेन्शन घ्यायची!

घ्या की. पण थांबा. इथे आकडा लाखांत जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे खरं. तरी चांगल्या फुल सस्पेन्शन बहुतेक आयात होतात, त्यामुळे खिशाला भोक पडायचं ते पडतंच. तेव्हा फंडा क्लिअर करून घेऊ.

ट्रॅव्हल म्हणजे काय रे भाऊ?

दगडावर आपटल्यावर चाक जास्तीत जास्त किती वर सरकू शकतं, ते अंतर म्हणजे ट्रॅव्हल. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १०० ते १२० म्हणजे शॉर्ट ट्रॅव्हल. १३० ते १५० ला ट्रेल बाइक म्हणतात, १६० च्या पुढे एन्ड्युरो आणि २०० च्या आसपास डाउनहिल. यूट्यूबवरचा तो उड्या मारणारा पठ्ठ्या बहुतेक वेळा १६० च्या वरच्या सायकलवर असतो. आणि बऱ्याचदा तो वर लिफ्टने किंवा गाडीने गेलेला असतो, हे व्हिडिओत दिसत नाही!

आपल्याकडे लिफ्ट नाही. जेवढं उतरायचं, तेवढं स्वतःच्या पायांनी चढायचं. शिवाय पुण्यात काय, नाशकात काय, घरापासून पायवाटेपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा किलोमीटर डांबरी रस्ता. तुमच्या मागच्या चार रविवारांचा हिशोब कागदावर मांडा. डांबर किती, मुरमाचा रस्ता किती, खरी दगडधोंड्यांची वाट किती? खरी वाट निम्म्याहून कमी असेल, तर १५० मिलिमीटरची सायकल म्हणजे ऑफिसला ट्रॅक्टर घेऊन जाण्यासारखं आहे.

शॉर्ट ट्रॅव्हल इथेच जिंकते. पेडल मारलं की पुढे पळते आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडावर कंबरेला धक्केही कमी बसतात. या सायकली पूर्वी फक्त रेसवाल्यांच्या होत्या. नीनो शुर्टरने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकावलं, ते स्कॉट स्पार्क या फुल सस्पेन्शनवरच. नंतर कंपन्यांनी त्याच हलक्या फ्रेमला थोडा दणकट फोर्क आणि जाड टायर लावले आणि ‘डाउनकंट्री’ हा शब्द आला. एका सायकल पत्रकाराने तो गमतीत वापरला आणि कंपन्यांनी सीरियसली घेतला!

आधी एक कडू प्रश्न

मागे शॉक खरंच हवाय का? तेवढ्याच पैशात हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल घेतलीत, तर फोर्क, ब्रेक आणि गिअर एक-दोन पायऱ्या वरचे मिळतात. पहिल्या वर्षी वाट ओळखायला, तोल शिकायला हार्डटेल उत्तम गुरू आहे.

फुल सस्पेन्शनचा खर्च बिलावर संपत नाही. फोर्क आणि शॉक यांची साधी सर्व्हिस कंपनीनुसार ५० ते १२५ तास चालवल्यावर करायची असते. मागच्या सांध्यांत बेअरिंग असतात आणि पावसाळ्यातला चिखल त्यांचा जानी दुश्मन. तुमच्या शहरात शॉक उघडू शकणारा मेकॅनिक आहे का, हे सायकलच्या आधी शोधा. नसेल तर शॉक कुरिअरने दुसऱ्या शहरात आणि तुम्ही दोन-तीन आठवडे घरात!

पण दोन-तीन तास दगडांवर राहायचं असेल, पाठ कुरकुरत असेल किंवा उतारावर मागचं चाक उडून तोल जातोय असं वारंवार होत असेल, तर फुल सस्पेन्शन चैन नाही. मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं की ब्रेकही लागतात आणि चढावर ग्रिपही मिळते.

आकड्यांच्या मागे काय बघाल?

फक्त ट्रॅव्हल बघून सायकल घेणं म्हणजे फक्त मेगापिक्सेल बघून मोबाइल घेणं. ट्रेक टॉप फ्युएल, स्पेशलाइझ्ड एपिक ८, सांताक्रूझ टॉलबॉय या तिन्हींना मागे १२० मिलिमीटरच आहेत. तरी एपिक रेसकडे झुकते आणि टॉलबॉय उतारावर मस्ती करायला. फरक जॉमेट्रीचा आहे.

पहिला बघायचा तो हेड अँगल, म्हणजे पुढचा फोर्क किती तिरका आहे ते. ६८-६९ अंश असेल तर सायकल चटकन वळते, पण तीव्र उतारावर हँडलवरून पुढे जाण्याची भीती वाटते. ६५-६६ च्या आसपास असेल तर उतारावर शांत आणि सावकाश चढावर जरा आळशी. नवशिक्याला ६६ ते ६७ हा मधला मार्ग बरा.

दुसरा सीट ट्यूब अँगल. तो ७५-७६ अंश असेल तर घाटात बसल्या बसल्या वजन पुढे राहतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही.

तिसरी गोष्ट मागच्या सांध्यांची. सांताक्रूझ ब्लर किंवा ट्रान्झिशन स्पर यांत मागच्या चाकाजवळ बेअरिंगच नाही, तिथे कार्बनच किंचित वाकतो. बेअरिंग कमी, तेवढी पावसाळ्यानंतरची कटकट कमी. स्कॉट स्पार्कच्या २०२२ च्या मॉडेलपासून मागचा शॉक फ्रेमच्या पोटात लपवलाय. चिखलापासून वाचतो, पण काम करायला हात घालणं मात्र वेळखाऊ.

आणि कार्बन की अलॉय? बजेट ताणून कार्बन घेण्यापेक्षा अलॉय फ्रेम घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले ब्रेक, चांगले टायर आणि ड्रॉपर पोस्ट मिळवा. ड्रॉपर म्हणजे बटण दाबलं की सीट खाली जाते. उतारावर सीट पोटात टोचत नाही आणि वजन मागे नेता येतं. एकदा सवय लागली की त्याच्याशिवाय उतार नकोसा वाटतो! एखादा किलो वजन जास्त असलं तर इतकं टेन्शन घेऊ नका. तो किलो ऑफिसच्या कँटीनमध्ये वडापाव कमी खाऊनही घटवता येतो.

टायर, काटे आणि हवा

आपल्या वाटांवर सगळ्यात मोठा व्हिलन दगड नाही, बाभळीचा काटा आहे. त्यामुळे २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हवंच. सीलंट म्हणजे पातळ द्रव, काटा घुसला की भोक आतून बुजवतो. आपल्या उन्हात तो लवकर सुकतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टॉप अप करा.

शॉकमधली हवा तर सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. लाखाची सायकल घेऊन तिच्या शॉकमध्ये शोरूमवाल्याने भरलेल्या हवेवर वर्षभर फिरणारे महाभाग कमी नाहीत. शॉक तुमच्या वजनाला लावावा लागतो. पाण्याची बॅग, हेल्मेट, बूट सगळं चढवून हलकेच सीटवर बसा. शॉक किती दबला ते त्याच्यावरची रबरी रिंग सांगते. याला सॅग म्हणतात. शॉर्ट ट्रॅव्हलला २० ते २५ टक्के योग्य. म्हणजे शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकत असेल तर रिंग १० ते साडेबारा मिलिमीटरवर थांबायला हवी. जास्त दबला तर हवा भरा, कमी दबला तर सोडा. यासाठी छोटा शॉक पंप लागतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे चुकूनही जाऊ नका!

सेकंडहँड घेताय?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये अनेकांनी हौसेने भारी सायकली घेतल्या आणि नंतर बाल्कनीत त्यांच्यावर टॉवेल वाळू लागले. त्यातल्या काही आजही विकायला निघतात. सौदा झकास जमू शकतो, पण चार गोष्टी तपासा. सीट धरून सायकल किंचित उचला आणि सोडा. मागे ‘टक टक’ आवाज आला तर बेअरिंग किंवा शॉकचे बुश गेलेत. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाने चाचपा, नख अडकेल असा ओरखडा नको. जोडांजवळच्या रंगात केसासारखी रेघ दिसली तर नमस्कार करून परत फिरा. आणि बिलावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे.

शोरूममध्ये जाताना

• बजेटमधले ऐंशी टक्केच सायकलला. उरलेले हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, शॉक पंप आणि पहिल्या सर्व्हिससाठी.

• साइज अंदाजाने घेऊ नका. फक्त तुमच्या साइजची स्टॉकमध्ये नाही म्हणून सेल्समन मोठी किंवा छोटी गळ्यात मारत असेल, तर थांबा. डिस्काउंट विसरला जातो, चुकीची साइज रोज आठवते.

• जास्तीचा गिअर हँगर सोबतच विकत घ्या. पडल्यावर पहिला बळी त्याचाच जातो.

• शॉकची लिव्हर उघडी ठेवून आणि लॉक करून, दोन्ही प्रकारे चढावर चालवून बघा.

• शॉकचे सील आणि फ्रेमची बेअरिंग भारतात मिळतात का, हे विचारा. उत्तर ‘मागवून देऊ’ असं आलं, तर किती दिवसांत तेही विचारा.

आणि हो, नवी सायकल आली म्हणून टेकडीवर राजे होऊ नका. तिथे रोज पहाटे फिरायला येणारे आजी-आजोबा तुमच्या आधीपासून आहेत. घंटी वाजवा, वेग कमी करा, ‘नमस्कार काका’ म्हणा आणि बाजूने जा. जोराच्या पावसानंतर ओल्या वाटेवर चाकांचे चर पाडू नका. वनखात्याच्या हद्दीत सायकलला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. चार जणांनी बेशिस्त केली की वाट सगळ्यांसाठीच बंद होते.

तर मंडळी, या रविवारी आधी मित्राची सायकल दोन तास मागून घ्या, तुमच्या नेहमीच्या वाटेवर चालवा आणि मगच क्रेडिट कार्ड काढा. मित्राला परत देताना मात्र धुऊन द्या हं!