वावरात नाणं सापडलं तर ते कुणाचं?

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. मराठा-मोगल संघर्षावरचा 'छावा' चित्रपट आला होता आणि तिथे मोगलांची सोन्याची नाणी निघतात अशी अफवा उठली होती. असं मशीन घेऊन वावरात उतरण्याआधी काही समज तपासून घ्यावेत.

'मशीन दहा फुटांखालचा हंडा दाखवतं.' साधं मशीन एकट्या नाण्याला फार तर वीतभर खोलीवर ओळखतं. धातू आहे एवढंच त्याला कळतं, मोल कळत नाही. बाटलीच्या झाकणालाही ते वाजतं. काळ्या मातीत बेसॉल्टमधलं लोहखनिज असतं, त्यामुळे कधी रिकाम्या जागीही वाजतं.

'सापडलं त्याचं, मित्र सोबत असेल तर निम्मं-निम्मं.' हा समज सर्वांत महागात पडतो. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. गाडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र कळवलं की सरकार सगळं फुकट नेतं, हेही खोटं. धन बेवारस ठरलं आणि आधी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतं. सरकारने ते स्वतःकडे घेतलं, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मात्र परवान्याशिवाय खणणं हाच गुन्हा आहे.

'फारसी अक्षरं म्हणजे मोगली नाणं.' नाही. मराठ्यांच्या टांकसाळीही मोगल बादशहाच्या नावाने रुपये पाडत.

'रामदरबाराचं 1818 चं कंपनीचं नाणं लाखोंना जातं.' कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. ती नंतर केलेली टोकनं आहेत. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये बजावलं.

खरं मोल साठा एकत्र राहण्यात असतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये चांदीची 13,250 हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या क्षत्रप राजा नहपानाच्या सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा ठोस पुरावा. नाणी वाटली गेली असती, तर हे प्रमाण कुणालाच मोजता आलं नसतं.

म्हणून नाणं दिसलं की खणणं थांबवा. चिंचेने घासू नका, मडकं फोडू नका. फोटो काढून ठेवा. कलेक्टरला द्यायच्या अर्जात वस्तूचं स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि सापडल्याची तारीख लिहा.