मावा केक: मेरवान की कयानी?

मावा केक म्हणजे कपकेकचा इराणी-पारशी भाऊबंद. कागदी वाटी, खवा, वेलची. वर क्रीमचा डोलारा नाही.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान १९१४ सालचं. तिथला केक ओलसर, दाट. सोबत इराणी चहा हवाच. उशिरा उठणाऱ्यांनी आशा सोडावी, माल सकाळीच संपतो.

पुण्यातल्या ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ची. श्रूजबेरी बिस्किटांच्या रांगेत तिचा मावा केक उगाच झाकोळतो. (दुपारी दुकान बंद. पुणंच ते!)

खव्यातली दुधाची साखर आणि प्रथिनं भट्टीत खरपूस होतात, म्हणून वरचा भाग तपकिरी. खव्यात हात आखडला की उरतो नुसता वेलचीचा स्पंज.

ओलाव्यापुरता कौल मेरवानला.